जिम्नी ४० मिमी उचलली आणि आता हायवेला भरकटते, अलाइनमेंटवाला म्हणतो सगळं ओके

लालमाती (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज स्वतःवर वेळ आली म्हणून लिहितोय. गाडी जिम्नी २०२३ ची, मॅन्युअल. दोन महिन्यांपूर्वी पुढेमागे ४० मिमीचे स्प्रिंग आणि त्याला जुळणारे शॉक टाकले, कंपनीचे १९५/८० काढून २१५/७५ आर १५ चे एटी (ऑल-टेरेन) टायर घातले. बाकी कशालाच हात नाही लावला. गगनबावड्याच्या बाजूला चिखलात गाडी एकदम मस्त चालली, पण हायवेला आणली की जीव नको होतो.

होतं काय ते सांगतो. ७० च्या वर गेलं की स्टेअरिंग हलकं पडतं, म्हणजे हातात काही आहे असं वाटतच नाही, आणि गाडी लेनमध्ये थोडी डावीकडे थोडी उजवीकडे अशी चालत राहते, सारखं सावरावं लागतं. शेजारून ट्रक गेला की विचारू नका. वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येत नाही, हातानं आणावं लागतं. गाडी सरळ जात असताना स्टेअरिंग मात्र डावीकडे कललेलं, घड्याळात अकरा वाजल्यासारखं. आणि परवा कागलकडून येताना पुलाच्या जॉइंटवर ८० ला पुढची चाकं दोनतीन सेकंद अशी डुगडुगली की बायकोनं डॅशबोर्ड धरला. ब्रेक मारल्यावर थांबलं.

दोन ठिकाणी अलाइनमेंट करून झाली. दोन्हीकडचा प्रिंट आहे माझ्याकडे, टो (चाकं पुढून आत की बाहेर) हिरवा, कॅम्बर (चाकाचा उभेपणा) हिरवा, आणि कास्टरच्या रकान्यात नुसत्या रेघा. विचारलं तर पहिला म्हणाला या गाडीला कास्टरला ॲडजस्टमेंटच नसते त्यामुळे ते बघायचं नसतं. दुसरा म्हणाला स्टेअरिंग व्हील काढून एक दाता फिरवून सरळ बसवून देतो, शंभर रुपये जास्त द्या. मी नको म्हणालो आणि निघून आलो.

ज्यांनी लिफ्ट बसवली ते म्हणतात टायरमुळे होतंय, टायरवाला म्हणतो लिफ्टमुळे. आता सांगा कोणाला धरू?

थार_वेडा

भावा कॅम्बर चेक कर. माझ्या थारला (२०२१, हार्डटॉप) पुढे स्पेसर टाकले तेव्हा चाकं वरून बाहेर गेली होती, टायर बाहेरच्या कडेनं खाल्ले ५ हजार किमीत. आणि एक जाड स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचा शॉक) टाकून दे, डुगडुग बंद. मित्राच्या गाडीला टाकला, विषय संपला.

पाटा_आणि_पाचर

थारवाल्या भावाचं त्याच्या गाडीपुरतं बरोबर आहे पण इथे लागू नाही, आणि हा घोळ फार होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. नव्या थारला पुढे दोन्ही चाकं सुटी, डबल विशबोन. तिथे गाडी उचलली की आर्म खाली लोंबतात आणि चाकाचा कॅम्बर बदलतो, टो पण बदलतो. जिम्नीला पुढे सरळ एक आख्खा ॲक्सल आहे, या चाकापासून त्या चाकापर्यंत एक लोखंड. तू गाडी ४० मिमी उचल नाहीतर ४०० उचल, चाकाचा उभेपणा ॲक्सलच ठरवतो, त्यामुळे कॅम्बर जागच्या जागी. सरळ ॲक्सलच्या गाडीत कॅम्बर चुकलेला दिसला तर समजायचं किंगपिनचं (ज्यावर चाक वळतं त्या खिळीचं) नाहीतर व्हील बेअरिंग गेलंय किंवा ॲक्सल वाकलाय.

तुझं दुखणं त्या रेघा मारलेल्या रकान्यात आहे. कास्टर.

कास्टर म्हणजे काय, तर सायकल आठव. पुढचा फोर्क सरळ उभा नसतो, वरून मागे रेललेला असतो. म्हणून हात सोडून चालवली तरी ती सरळ जाते, आणि वळवलं तर हँडल आपणहून मधे येतं. आता तोच फोर्क उभा ९० अंशात करून बघ, हात सोडलेस की पडलास. गाडीत किंगपिनची रेघ अशीच वरून मागे कललेली असते, दोनतीन अंश इकडेतिकडे. तेवढ्यावर सगळा हायवेचा सरळपणा अवलंबून.

जिम्नीत पुढचा ॲक्सल दोन आर्मवर धरलेला आहे. आर्मचं मागचं टोक चासीला, पुढचं टोक ॲक्सलला, आणि ॲक्सलच्या बाजूला प्रत्येक आर्मला दोन बुश (रबरी), म्हणजे आर्म आणि ॲक्सल एकमेकांना घट्ट धरून असतात. चासी वर गेली की आर्मचं मागचं टोक वर जातं, आर्म पुढे उतरता होतो आणि तो ॲक्सललाही बरोबर फिरवतो, माथा पुढे. गेला कास्टर. किती गेला ते घरी कागदावर काढता येतं, आर्मची लांबी टेपनं मोज (चासीच्या बोल्टपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत), जेवढी गाडी उचललीस त्याला त्या लांबीनं भाग, आणि ५७ नं गुण. समजा आर्म ७०० मिमी निघाला तर ४० भागिले ७०० गुणिले ५७, म्हणजे सव्वातीन अंश. मुळात जेवढा होता त्यातनं सव्वातीन वजा कर आणि बघ काय उरतं ते. काही नाही उरत. म्हणून तुझं स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं.

माझ्या ९८ च्या जिप्सी किंगला मी हाच शहाणपणा करून बसलोय. पुढच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगांना) लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला लटकवणारी कडी) घातले, दीड इंच गाडी वर आली, छाती फुगली. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो, तो लांब केला की पाटा नाक खाली करतो आणि ॲक्सल पुढे झुकतो, परिणाम तोच. मग कोणीतरी सांगितलं पाचर घाल. लेथवाल्याकडून तीन अंशाच्या लोखंडी पाचरी करून आणल्या, रविवारी दिवसभर खपून बसवल्या, आणि संध्याकाळी चक्कर मारायला निघालो तर गाडी आधीपेक्षा वाईट, अक्षरशः दारू प्यायल्यासारखी. उलट्या बसवल्या होत्या. जिप्सीत मूळचा ॲक्सल पाट्याच्या वर बसतो, त्यामुळे पाचरीची जाड बाजू पुढे यायला हवी, म्हणजे ॲक्सलची पुढची बाजू वर उचलली जाऊन माथा मागे जातो. मी जाड बाजू मागे ठेवली होती, म्हणजे होता नव्हता तो कास्टरही घालवला. ज्यांनी पाटा ॲक्सलच्या वर घेतलाय त्यांचं बरोब्बर उलट, जाड बाजू मागे. हे कोणी सांगत नाही.

तुझ्या गाडीला पाटा नाही त्यामुळे पाचर नाही. तुला तीन वाटा आहेत. एक, आर्मच्या ॲक्सलकडच्या टोकाला भोक मध्यापासून सरकवलेले बुश मिळतात ते. दोन, चासीच्या बाजूला आर्म खाली आणणारे ब्रॅकेट, पण ते दगडाला पहिले भेटतात. तीन, नवीन आर्मच, वाकवून केलेले, महाग. ४० मिमीला बुश पुरतात.

आणि ते स्टेअरिंग व्हील काढू दिलं नाहीस हे फार चांगलं केलंस. त्यावर वेगळं लिहितो, आता जेवायला बोलावतायत.

लालमाती (कोल्हापूर)

काका एवढं कोणी समजावलंच नव्हतं. पण मग टायरचा काहीच संबंध नाही का? आणि डॅम्पर?

पाना_चौदा

दादा मी नाशकात गॅरेजला काम करतो, लिफ्टच्या गाड्या महिन्याला दोनचार येतात, काकांचं शंभर टक्के बरोबर आहे पण बुश ऑर्डर करायच्या आधी गाडीखाली झोपा. भरकटणं वेगळं आणि डुगडुगणं वेगळं. भरकटणं कास्टरचं. डुगडुगायला कुठेतरी खेळ लागतो, कास्टर कमी असला की तो खेळ जागा होतो एवढंच.

इंजिन चालू, चाकं जमिनीवर, एकाला आत बसवून स्टेअरिंग दोन बोटं डावीकडे दोन बोटं उजवीकडे असं हलवत ठेवायचं, गाडी न हलता. तुम्ही खाली, आणि एकेका जॉइंटवर पंजा ठेवायचा. डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतं. टाय रॉडची (दोन चाकं जोडणारा) टोकं, ड्रॅग लिंकची (स्टेअरिंगकडून चाकाला ढकलणारा) टोकं, आणि सगळ्यात महत्त्वाचं पॅनहार्ड रॉडचे दोन्ही बोल्ट. हा रॉड ॲक्सलला आडवा धरून ठेवतो, त्याच्या बोल्टला केसभर जरी जागा मिळाली तरी सगळा ॲक्सल आडवा नाचतो. नंतर चाक उचलून वर-खाली धरून हलवा, किंगपिन आणि बेअरिंगचा खेळ तिथे कळेल.

आणि रिमची आतली बाजू बघा. हसू नका. मागच्या पावसाळ्यात एक जण तीनदा बॅलन्सिंग करून आमच्याकडे आला, गाडी ९० ला थरथरते म्हणून. रिमच्या आत मूठभर चिखल वाळून दगड झाला होता. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला, पाणी मारलं, गाडी लोण्यासारखी. त्यानं पैसे विचारले तेव्हा काय सांगायचं कळेना.

डॅम्पर आधी टाकू नका. तुमच्या गाडीला कंपनीचा आहेच. जाड डॅम्पर टाकला की आवाज बंद होतो पण ढिला बोल्ट ढिलाच राहतो, मग तो एक दिवस भोक अंडाकृती करून टाकतो आणि बोल्ट बदलायच्या खर्चाचं वेल्डिंगचं काम होतं.

अजून एक विचारायचं राहिलं. लिफ्ट बसवताना आर्मचे आणि पॅनहार्डचे बोल्ट त्यांनी गाडी गॅरेजच्या लिफ्टवर टांगलेली असतानाच कसले का खाली उतरवून?

लालमाती (कोल्हापूर)

मी तिथेच उभा होतो. टांगलेली असतानाच, गनने, टर्र करून.

पाना_चौदा

मग आज संध्याकाळी पहिलं हे करा. गाडी सपाट जागेवर, चाकांवर वजन, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. आर्मचे आणि पॅनहार्डचे बोल्ट ढिले करा, काढायचे नाहीत. गाडीला धरून दोनचार वेळा खालीवर हलवा आणि मग टॉर्क रेंचनं मॅन्युअलच्या आकड्याला कसा. रबरी बुश आतल्या नळीला चिकटलेला असतो, टांगून कसला की तो लोंबत्या जागेला धरून बसतो, गाडी खाली आली की पिळलेलाच राहतो, आणि सारखा पिळलेला बुश लवकर फाटतो. ज्याला कुणाला गनने कसायची घाई असते त्याला हे माहीत असतं, वेळ नसतो एवढंच.

पाटा_आणि_पाचर

जेवण झालं. राहिलेलं लिहितो.

स्टेअरिंग तिरकं का झालं. स्टेअरिंग बॉक्स चासीवर आहे, तो वर गेला. चाकाला ढकलणारा ड्रॅग लिंक आता जास्त तिरपा झाला, तिरपा झाला की आडवी लांबी कमी पडते, म्हणून चाकं सरळ असताना व्हील फिरलेलं दिसतं. उपाय ड्रॅग लिंकवरच. दोन्ही टोकांचे लॉकनट ढिले करायचे (एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे उगाच जोर लावू नकोस), रॉड पाव पाव फेरा फिरवायचा, चक्कर मारायची, बघायचं. व्हील काढून दाता फिरवला तर दिसायला सरळ दिसेल पण स्टेअरिंग बॉक्सचा मध्य तिकडेच राहील, एका बाजूला जास्त वळेल एका बाजूला कमी. आणि तुझ्या गाडीला ईएसपी आहे, स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर आहे. चाकं सरळ आणि सेन्सर म्हणतोय वळतोय, असं झालं की ईएसपीला वाटतं गाडी घसरतेय, आणि ते नको तिथे ब्रेक मारायला बघतं. म्हणून आधी ड्रॅग लिंकनं मध्य आणायचा आणि मगच स्कॅनर लावून सेन्सरचा शून्य बघून घ्यायचा.

पॅनहार्ड रॉडचंही तेच गणित. एक टोक चासीला दुसरं ॲक्सलला, गाडी उचलली की रॉड तिरपा होतो आणि ॲक्सलला चासीच्या टोकाकडे ओढून घेतो. घरी बघायचं असेल तर ओळंबा घे, दोन्ही बाजूंनी फेंडरच्या कडेवरून सोड, दोरीपासून रिमपर्यंत मोज. दोन बाजूंत जो फरक येईल त्याच्या अर्धा ॲक्सल सरकलेला. पाचसहा मिमी असेल तर झोप घालवू नकोस. जास्त असेल तर लांबी कमीजास्त होणारा रॉड घे.

म्हणून क्रम लक्षात ठेव, कारण प्रत्येक गोष्ट पुढची बिघडवते. आधी खेळ आणि बुश, मग पॅनहार्ड, मग कास्टर, मग टो, सगळ्यात शेवटी ड्रॅग लिंक. अलाइनमेंटवाला डायरेक्ट चौथ्या पायरीवर येतो, तिथेच थांबतो आणि साडेपाचशे घेतो. त्याची चूक नाही म्हणा, त्याच्याकडे दिवसाला तीस हॅचबॅक येतात.

टायरचं विचारलंस. २१५/७५ म्हणजे उंचीला जेमतेम १० मिमी मोठा, त्यानं गाडी भरकटत नाही. ब्लॉक मोठे असतात त्यामुळे जरा सैल वाटतं, तेवढं धरून चाल. पण बॅलन्सिंग बघ. आणि मनाची तयारी असू दे, तुझ्या डिफखालची (डिफ म्हणजे ॲक्सलमधला गिअरचा गोळा) जागा या सगळ्या खटाटोपात फक्त ५ मिमीनं वाढलीय. सरळ ॲक्सलच्या गाडीत स्प्रिंगनं चासी वर जाते, डिफ नाही. डिफ फक्त टायरनं वर जातो.

ता. क. विमावाल्याला आणि आरटीओला या लिफ्टबद्दल काय सांगायचं ते तुझं तू बघ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय म्हणतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं काय म्हटलं ते एकदा वाचून ठेव.

थार_वेडा

काका आम्ही इथे मजा करायला येतो 😅

लालमाती (कोल्हापूर)

हप्ताभरानं येतोय, माफी. रिपोर्ट देतो, जरा लांबणार.

पाना दादा म्हणाले तसं खाली झोपलो. पॅनहार्डचा ॲक्सलकडचा बोल्ट, हात ठेवला आणि टक टक टक. अर्धा फेरा हातानं फिरला तो! गनने कसलेला. बाकी सगळं घट्ट. रिमच्या आत चिखल होता पण थोडाच, तोही काढला. मग चाकांवर वजन ठेवून आर्मचे बोल्ट ढिले केले तर डाव्या बाजूला एवढ्या मोठ्यानं टक्क झालं की मी खालून बाहेरच आलो. नंतर हबपासून फेंडरपर्यंत मोजलं तर पुढून गाडी ४ मिमी खाली बसलेली. म्हणजे पिळलेले बुशच गाडीला उचलून धरत होते. पुन्हा टॉर्कला कसलं सगळं.

एवढ्यानंच डुगडुग गेली. त्याच जॉइंटवर मुद्दाम ८० नं नेली, दोनदा, काही नाही. पण भरकटणं होतंच.

मग कास्टर मोजायचा ठरवला, कारण तिसऱ्यांदा कुणाला पैसे द्यायचे नव्हते. पुढच्या प्रत्येक चाकाखाली दोन फरशा, मधे ग्रीस फासलेलं, म्हणजे चाक वळवताना रबर घासत नाही, फरशी फिरते. मागच्या चाकांखालीही तेवढ्याच उंचीच्या कोरड्या फरशा. मोठ्या मुलीला ब्रेकवर पाय देऊन बसवलं, हलायचं नाही म्हणून ताकीद. तिच्याच कंपासपेटीतला कोनमापक घेऊन जमिनीवर २० अंशाच्या रेघा मारल्या. रिमच्या दोन कडांवर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी उभी धरली, पट्टीला फोन, फोनमधलं लेव्हलचं ॲप. चाक २० अंश बाहेर, आकडा लिहिला. २० अंश आत, आकडा लिहिला. दोन आकड्यांतला फरक गुणिले दीड म्हणजे कास्टर, ढोबळमानानं. डावीकडे फरक ०.३ आला, उजवीकडे ०.१. म्हणजे डावा अर्धा अंश पण नाही आणि उजवा शून्यच म्हणा. प्रत्येक बाजू तीन तीनदा केली, ०.१ पेक्षा जास्त इकडेतिकडे नाही झालं. काका तुमचं कागदावरचं गणित तंतोतंत.

ओळंबापण सोडला, दोन बाजूंत १२ मिमीचा फरक, म्हणजे ॲक्सल ६ मिमी सरकलेला. तो सोडून दिला.

बुश मागवले, पुण्याहून आले. आता प्रश्न असा की चारही बुशच्या भोकाची दिशा कुठे ठेवायची? सोबतच्या कागदावर चित्र आहे पण त्यात पुढचं कुठलं मागचं कुठलं तेच लिहिलेलं नाही.

पाना_चौदा

चित्र सोडा, डोक्यानं बघा. ॲक्सलचा माथा मागे जायला हवा, म्हणजे ॲक्सलची पुढची बाजू वर आणि मागची खाली. आर्मला धरून विचार केला तर ॲक्सलचे दोन बोल्ट आर्मच्या दोन बुशमधून जातात, पुढचा बोल्ट मूळ जागेपेक्षा वर यायला हवा आणि मागचा खाली. म्हणून पुढच्या बुशचं भोक वर, मागच्या बुशचं भोक खाली. दोन्ही आर्म टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, बसवायच्या आधी मार्करनं रेघ मारा, आणि दाबल्यावर पुन्हा ताडून बघा, कारण प्रेसमध्ये बुश थोडा फिरतो. दोन आर्ममध्ये फरक राहिला तर ॲक्सल दोन्हीकडून पिळला जातो आणि बोल्ट जागेवर जायला नखरे करतो. बोल्ट हातोडीनं मारावा लागला तर समजा एक बुश फिरलाय, मारू नका, काढा.

जुना बुश हातोडीनं काढत बसू नका. आर्म काढून लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असतो तिथे न्या. आणि एका वेळी एकच आर्म सोडा, दोन्ही सोडले तर ॲक्सल फिरून जाईल आणि मग परत जागेवर आणायला जॅक, पट्टा आणि शिव्या तिन्ही लागतात.

पाटा_आणि_पाचर

आणि जास्तीच्या मोहात पडू नकोस. कास्टर वाढवताना ॲक्सल मागे झुकतो तसं डिफचं तोंड खाली जातं, पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा (डिफला फिरवणारा दांडा) कोन वाईट होतो. चालवायला सरळ पण शाफ्ट गुणगुणणार. सरळ ॲक्सलला हा सौदा करावाच लागतो, एकाच लोखंडावर दोन्ही लटकलंय. माझ्या जिप्सीला पॉवर स्टेअरिंग नाही, मी मोहात पडून पाच अंशाच्या आसपास नेला होता, पार्किंगमध्ये घामाघूम व्हायचो.

लालमाती (कोल्हापूर)

झालं एकदाचं! शनिवारी उजवा, रविवारी डावा. उजव्याचा पुढचा बुश खरंच प्रेसमध्ये फिरला होता, मार्करची रेघ होती म्हणून कळलं, नाहीतर मी हातोडी घेतलीच होती.

पुन्हा फरशा, पुन्हा मुलगी ब्रेकवर (यावेळी आइस्क्रीम कबूल करावं लागलं). डावीकडे फरक १.६, उजवीकडे १.५. म्हणजे साधारण २.४ आणि सव्वादोन.

टो पण घरीच केला. स्लायडिंग खिडक्यावाल्याकडून ॲल्युमिनियमची उरलेली चौकोनी नळी आणली, दोन सारखे तुकडे, टायरच्या लांबीचे. एकेक चाकाच्या बाहेरून फुगवट्याच्या खाली रबर बँडनं आडवी बांधली, विटांवर टेकवून, आणि गाडीखालून टेप लावून पुढच्या टोकांमधलं आणि मागच्या टोकांमधलं अंतर मोजलं. एकट्याला जमत नाही, टेपचं दुसरं टोक धरायला शेजारचे काका आले, ते गवंडीकामाचे मुकादम होते, त्यांनी बघितलं आणि म्हणाले एक सूत आत आहे की. मी टेपवर बघितलं तर ३ मिमी. बरोब्बर एक सूत! मॅन्युअलच्या हद्दीतच होता, म्हणजे अलाइनमेंटवाल्यांनी त्यांचं काम नीटच केलं होतं, मीच त्यांना शिव्या घालत होतो. हात नाही लावला त्याला.

शेवटी ड्रॅग लिंक, सव्वा फेरा, आणि व्हील सरळ. स्कॅनर मित्राकडचा, सेन्सरचा शून्य करून घेतला. ईएसपीचा दिवा वगैरे काही नाही.

काल बेळगावला जाऊन आलो. ९० ला दोन बोटांवर गाडी. तवंदी घाटात वळणं संपली की स्टेअरिंग हातातून सरकत आपणहून मधे येतं, ते बघून मी वेड्यासारखा हसत होतो. ट्रक गेला तर जरा हलते, पण जिम्नीच ती, उभं खोकं आहे, तेवढं हलणारच.

एकच राहिलंय, घाट उतरल्यावर कच्च्यात फोर-एच (चारही चाकांना जोर) टाकून ६० ला नेली तर खालून बारीक गुंऽऽ असा आवाज येतो. टू-एच (फक्त मागच्या चाकांना जोर) मध्ये नाही.

पाना_चौदा

तो काकांनी सांगितलेला सौदा. टू-एच मध्ये तुमचे पुढचे हब सुटलेले असतात, शाफ्ट फिरतच नाही, म्हणून आवाज नाही. फोर-एच मध्ये फिरतो आणि कोन जाणवतो. शाफ्टच्या क्रॉसमध्ये खेळ नाही ना आणि शाफ्टवरची वजनाची पट्टी निघालेली नाही ना एवढं बघा. दोन्ही ठीक असेल तर फोर-एच मध्ये ६० नं जायचंय कशाला? चिखलात ३० च्या वर जात नाही कुणी. ५०० किमी झाले की आर्मचे आणि पॅनहार्डचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्कला तपासा, चाकांवर वजन ठेवून.

थार_वेडा

हे सगळं वाचून माझ्या मित्राला फोन केला, डॅम्परवाल्याला. खाली झोपायला सांगितलं. पॅनहार्डचा बोल्ट हलतोय म्हणे 🙏

पाना_चौदा

आजच कसायला सांगा. भोक बघायला सांगा, गोल आहे का अजून.

लालमाती (कोल्हापूर)

आता शेवटचा प्रश्न, अलाइनमेंटचा नाही. त्या फरशा स्वयंपाकघराच्या उरलेल्या होत्या, आणि घरी कळलंय. ग्रीस कशानं निघतं?

पाटा_आणि_पाचर

चकचकीत असतील तर आधी डिझेलचं फडकं, मग भांड्याचा साबण आणि कोमट पाणी. खरबरीत असतील तर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेव. आणि दोन नवीन आणून ठेव.